हौसेचे मोल

गेल्या फेब्रुवारीतली गोष्ट. पहाटेचे साडेपाच झाले असतील. पेडण्याहून कोरगावच्या बाजूने हरमलकडे जाणाऱ्या रस्त्यावर मी सायकल चालवीत होतो. अंगात घट्ट कपडे, डोक्यावर हेल्मेट, पुढे पांढरा दिवा, मागे लुकलुकणारा तांबडा. मागून पोंऽ पोंऽ असा भोंगा वाजला आणि एक पोदेर माझ्या बरोबरीला आला. गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, पोदेर म्हणजे भल्या पहाटे दारोदार पाव पोचवणारा. त्याची सायकल साधी काळी, मागे पावांनी भरलेली मोठी टोपली आणि तिच्यावर निळे प्लास्टिक. रस्त्याला चढ होता. माझ्या सायकलीला सोळा गियर. तरी त्याने मला गाठले आणि वर बोलण्याइतका दमही राखला.

"सर, फांतोडेर खंय भायर सरल्यात?"

"खंयच ना. हरमलाक वचून परत घरा येतलों."

तो मोकळेपणाने हसला. "मागीर भायर सरले कित्याक?"

एवढे विचारून तो भोंगा वाजवीत एका वाड्याकडे वळला. त्याला जायला घरे होती. त्याचा प्रश्न मात्र हरमलपर्यंत माझ्याबरोबर आला आणि परतही आला. कुठेच जायचे नसेल तर माणसाने बाहेर पडायचे कशाला? एम.ए.ला तत्त्वज्ञान घेऊन दोन वर्षे मी जाड ग्रंथांशी झटापट केली. पण इतका सरळ प्रश्न कोणत्याही प्रश्नपत्रिकेत आल्याचे मला आठवत नाही. या लेखात त्याचे उत्तर देण्याचा प्रयत्न करतो. उत्तर पुरते साधले आहे असे मात्र म्हणवत नाही.

मी ज्याची तयारी करतो आहे त्या खेळाला ट्रायथलॉन म्हणतात. आधी पोहणे, मग सायकल, मग धावणे. तिन्ही सलग, मधे घड्याळ न थांबवता. खेळ वयाने लहान आहे. या नावाची पहिली शर्यत १९७४ साली अमेरिकेत सॅन डिएगो येथे झाली. १९७८ साली हवाईतल्या ओआहू बेटावर पंधरा जण ३.८ किलोमीटर पोहणे, १८० किलोमीटर सायकल आणि ४२.२ किलोमीटर धावणे एकाच दिवसात करायला निघाले आणि त्यांतले बारा जण शेवटपर्यंत पोचले. तिलाच आयर्नमन, म्हणजे लोहपुरुष, हे नाव पडले. २००० साली सिडनीच्या ऑलिंपिकमध्ये दीड किलोमीटर, चाळीस किलोमीटर आणि दहा किलोमीटर अशा बेताच्या अंतरांनी हा खेळ दाखल झाला. आणि २० ऑक्टोबर २०१९ रोजी तो आपल्या अंगणात आला. पणजीच्या मिरामार किनाऱ्यावर अर्ध्या अंतराची आयर्नमन शर्यत भरली: समुद्रात १.९ किलोमीटर पोहणे, ९० किलोमीटर सायकल, २१.१ किलोमीटर धावणे, आणि हे सगळे साडेआठ तासांच्या आत.

कोरोनामुळे पुढची दोन वर्षे ती झाली नाही. १३ नोव्हेंबर २०२२ रोजी पुन्हा भरली तेव्हा माझा एक माजी विद्यार्थी तीत उतरला होता, म्हणून मी बघायला गेलो. विद्यार्थी तरुण, तो वेळेत आला आणि गेला. माझे लक्ष खिळले ते दुपारच्या उन्हात मागून येणाऱ्यांवर. त्यांत माझ्या वयाचे लोक होते. टक्कल पडलेले, पोट सुटत आलेले, चेहरा मिठाने पांढरा झालेला. त्यांना बक्षीस मिळणार नव्हते, पेपरात नाव येणार नव्हते. तरी ते पाऊल उचलीत होते. त्या रात्री मी वहीत लिहिले, 'साठाव्या वर्षी ही शर्यत पुरी करायची.' तेव्हा मला एक्कावन्न पुरी झाली होती. म्हणजे नऊ वर्षांचा बेत. सौभाग्यवतींना वही दाखवली. त्या म्हणाल्या, "बाकीचे लोक साठीला काशीला जायचं ठरवतात." यात संमती होती की नाही ते मी तेव्हा विचारले नाही. पुढे जे घडले त्याचे बीज बहुधा त्या न विचारण्यात होते.

डॉक्टरांकडून हृदयाची तपासणी करून घेतली आणि सुरुवात केली. पहिले वर्ष नुसते चालणे, थोडे धावणे आणि पोहायला शिकणे. तिसऱ्या वर्षी छोट्या अंतराची शर्यत, म्हणजे ७५० मीटर, २० किलोमीटर आणि ५ किलोमीटर. सहाव्या वर्षी ऑलिंपिकचे अंतर. त्यानंतर मिरामार. कागदावर हे एखाद्या शाळेच्या वार्षिक नियोजनासारखे सुबक दिसत होते.

पोहायला शिकणे असे म्हटल्यावर डिचोलीकडचे माझे बालमित्र हसले. कमरेला सुके नारळ बांधून आम्ही विहिरीत उड्या मारलेल्या. पण तोंड पाण्यात ठेवून, दर दोनतीन हातांनी मान कुशीला वळवून श्वास घेणे ही वेगळीच विद्या. पणजीच्या एका तलावात रविवारी शिकायला जाऊ लागलो तेव्हा नऊ वर्षांची एक मुलगी माझ्या शेजारून दोनदा पुढे गेली आणि तिसऱ्यांदा थांबून म्हणाली, "काका, पाण्यात श्वास सोडा, बाहेर नको." पस्तीस वर्षांत मला कोणी इतक्या थोडक्या शब्दांत काही शिकवले नव्हते. समुद्राचे वेळापत्रक तर त्याचे स्वतःचे. मिरग लागला की तो बंद. जून ते सप्टेंबर केरी-हरमलच्या पाण्याकडे दुरून बघायचे. त्यात उतरणे म्हणजे शौर्य नव्हे, बेजबाबदारपणा.

धावण्याने मला सर्वांत मोठा धडा दिला. शरीराचे सगळे भाग एका गतीने शिकत नाहीत. हृदय आणि फुप्फुसे काही आठवड्यांत सुधारू लागतात. हाडे आणि कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणाऱ्या दोऱ्या, यांना महिनोन् महिने लागतात. त्यामुळे खरा धोका पहिल्या दिवशी नसून तिसऱ्या-चौथ्या महिन्यात असतो. दम म्हणतो, 'पळ.' टाच म्हणते, 'अजून नको.' आणि दमाचा आवाज मोठा असतो. मी त्याचेच ऐकले. चौथ्या महिन्यात टाचेमागची कंडरा सुजली आणि दोन महिने घरी बसलो.

नंतर जाणकारांचे म्हणणे मुकाट्याने मानले. बहुतेक दिवस इतके सावकाश धावायचे की शेजाऱ्याशी सलग वाक्य बोलता यावे. मला शेजारी नव्हता, म्हणून मी पाढे म्हणत असे. एकोणतीसचा पाढा धाप न लागता पुरा झाला की गती बरोबर. अशा सावकाश धावण्यानेच स्नायूंत सूक्ष्म रक्तवाहिन्यांचे जाळे वाढते आणि शरीर साठवलेली चरबी जाळायला शिकते. तीन आठवडे थोडे थोडे वाढवायचे, चौथ्या आठवड्यात मुद्दाम कमी करायचे. कारण बळ श्रमाच्या वेळी वाढत नाही, श्रमानंतरच्या झोपेत वाढते. हे वाचताना मी खजील झालो. दहावीच्या मुलांना आम्ही जानेवारी-फेब्रुवारीत जे करतो ते याच्या नेमके उलटे असते. दरवर्षी व्यासपीठावरून मी 'दूरचे ध्येय ठेवा' असे सांगत आलो. आणि दूर कसे जायचे असते ते बावन्नाव्या वर्षी टाच सुजल्यावर मला कळले.

इथवर सगळे ठीक होते. पण पोदेराने विचारण्याच्या कितीतरी आधीपासून एक प्रश्न मला सतावीत होता आणि त्याचा चेहरा माझ्या वडिलांचा होता.

माझे वडील तरुणपणी डिचोली तालुक्यातल्या खाणीवर पाटीने खनिज वाहत. त्या काळी खाणीवर यंत्रे थोडी आणि माणसे पुष्कळ. संध्याकाळी ते घरी येत तेव्हा अंगावरची तांबडी धूळ घामाच्या ओघळांनी चिरलेली असे, असे आई सांगते. २०१२ साली खाणी बंद पडल्या तेव्हा ते हयात नव्हते. त्यांनी आयुष्यभर घाम विकला आणि त्यावर आम्हाला शिकवले. मी आता घाम विकत घेतो. धावण्याचे बूट, सायकल, तलावाचे शुल्क, आणि शर्यतीत उतरायचे तर तिचे हजारो रुपयांचे प्रवेशशुल्क. खाणीवरच्या त्या तरुणाला कोणी सांगितले असते की तुझा मुलगा पैसे मोजून उन्हात धावेल, तर त्याने काय म्हटले असते?

हा प्रश्न मी हलका मानत नाही. आपल्याकडे शरीर झिजवण्याला मान आहे, पण त्याला कारण लागते. पोट हे कारण चालते. देव हे कारण चालते. आषाढीला साखळी-डिचोलीकडून पंढरपूरला पायी निघणाऱ्या दिंड्यांना कोणी 'कशाला' असे विचारत नाही. रस्त्यावर त्यांना चहा मिळतो, मला हसू मिळते. ज्याला ना पोटाचे कारण ना देवाचे, त्याच्यासाठी भाषेत एकच शब्द उरतो, 'हौस'.

म्हणून मी आईला विचारले. बाबांनी काय म्हटले असते? तिने सांगितले ते मला अर्धेच माहीत होते. बाबा खाणीवरून येऊन, अंग धुऊन, पेज जेवून, पुन्हा पाच किलोमीटर चालत देवळात जात असत. तिथे उत्सवाच्या नाटकाच्या तालमी चालत. तीनचार महिने तालमी आणि नाटक एका रात्रीचे. पैसा नाही, उलट वर्गणी पदरची. दुसऱ्या गावच्या लोकांना त्यांचे नावही ठाऊक नसे. दिवसभर पाटी वाहणारा माणूस रात्री पौराणिक नाटकात मुकुट घालून उभा राही.

गोव्याला हे नवीन नाही. आपल्या हौशी रंगभूमीचा सगळा डोलारा अशाच माणसांच्या झोपेवर उभा राहिलेला आहे. आणि इथे मला पोदेराच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर सापडले. हौस ही श्रीमंतांची मिरास नाही. ज्याचे सगळे श्रम दुसऱ्यासाठी विकले गेले आहेत, त्यालाही दिवसातला एखादा श्रम असा हवा असतो की जो विकलेला नाही. त्या श्रमात माणूस स्वतःचा असतो. माझे धावणे आणि बाबांच्या तालमी यांत मला तरी जातीचा फरक दिसत नाही. दोघांनाही कुठे जायचे नव्हते. दोघेही शेवटी घरीच परतत.

पण आई तिथे थांबली नाही. ती म्हणाली, "तुज्या बापायन नाटकां केलीं. हांवें दिवो राखलो."

मी ते वाक्य ऐकले, हसलो आणि विसरलो. ते समजायला जानेवारी २०२४ यावा लागला.

त्या महिन्यातल्या एका रविवारी मी पहाटे पाचला लांबच्या फेऱ्यासाठी निघालो. पत्रादेवीवरून बांदा आणि पुढे, येताना वेगळी वाट. मोबाईल मुद्दाम घरी ठेवला होता. लक्ष विचलित होऊ नये म्हणून. नऊच्या सुमाराला आनंदात परतलो तो दाराला कुलूप. शेजारणीने सांगितले की आई न्हाणीघराच्या उंबऱ्यापाशी पडली, सौभाग्यवतींना तिला एकटीने उचलता येईना, शेवटी दोन घरांतली माणसे गोळा झाली आणि तिला इस्पितळात नेले. खुब्याचे हाड मोडले होते. मी तसाच गेलो. इस्पितळाच्या लांब ओसरीत बाकावर पत्नी बसली होती, नेसती साडी न्हाणीघराच्या पाण्याने भिजलेली. तिच्यासमोर मी उभा होतो तो घट्ट चड्डीत, हातात हेल्मेट घेऊन. आयुष्यात अनेकदा माझी फजिती झाली आहे. पण स्वतःच्या कपड्यांची इतकी लाज मला कधी वाटली नव्हती. ती काहीच बोलली नाही. बोलली असती तर बरे झाले असते.

शस्त्रक्रिया झाली, आई हळूहळू सावरली, पण उठबस करायला तिला कायमचा आधार लागू लागला. मी सायकल भिंतीला टेकवली आणि सगळे बंद केले. चार महिने बूट पायात घातले नाहीत. भेटणाऱ्याला सांगत असे की आता आईची सेवा महत्त्वाची. लोक मान डोलवीत. मलाही बरे वाटे.

एके दिवशी सकाळी मी वर्तमानपत्र वाचीत बसलो होतो. आत पत्नी आईला स्नान घालीत होती. बाहेर येऊन, हात पुसता पुसता ती म्हणाली, "तुम्ही ते दोन तास परत आणलेत, चांगलं केलंत. पण दिलेत कोणाला?"

मी पेपर खाली ठेवला. तिचे म्हणणे खरे होते. चार महिने मी पहाटे धावत नव्हतो, म्हणून काय करीत होतो? तासभर जास्त झोपत होतो आणि तासभर पेपर वाचीत होतो. त्याग केल्याचे समाधान मी घेत होतो आणि आईला उचलण्याचे काम पूर्वीइतकेच तिच्याकडे होते. पश्चात्तापसुद्धा हौशी असू शकतो, हे मला त्या दिवशी कळले.

मग ती बसली आणि शांतपणे म्हणाली, "तुम्ही सायकल चालवता याचा मला कधीच राग आला नाही. पहाट तुमची एकट्याची आहे असं तुम्ही धरून चालता, त्याचा येतो. ती पहाट माझ्याकडून उसनी घेतलेली आहे, एवढं लक्षात ठेवलंत तरी पुरे." थोड्या वेळाने म्हणाली, "मलाही सकाळी अर्धा तास बाहेर जावंसं वाटतं. सव्वीस वर्षं वाटतंय."

आपण सहज म्हणतो, हौसेला मोल नाही. लग्नात, सणावाराला, नव्या साडीला हे वाक्य ठरलेले. मीही ते वाक्य शेकडो वेळा उच्चारले असेल. आता मला ते धोक्याचे वाटते. हौसेला मोल असतेच. फक्त ते पुष्कळदा हौस करणारा भरत नाही, म्हणून त्याला ते दिसत नाही. बाबांच्या नाटकाचे मोल आईने दिव्याच्या तेलात आणि जागरणात भरले. माझ्या नऊ वर्षांच्या बेताचे मोल पत्नीच्या पहाटांतून वळते होत होते आणि माझ्या सुबक नियोजनात त्यासाठी रकानाच नव्हता. धंदेवाईक खेळाडूला निदान कोणीतरी जाब विचारतो. प्रशिक्षक विचारतो, पैसे देणारा विचारतो. हौशी माणसाला जाब विचारणारा कोणी नसतो. म्हणूनच त्याने स्वतःहून हिशेब मांडला पाहिजे.

शब्दांच्या मुळाशी गेले की कधीकधी उजेड पडतो. इंग्रजीत हौशी माणसाला अ‍ॅमॅच्युअर म्हणतात. त्याचे मूळ लॅटिनमधल्या प्रेम करणे या अर्थाच्या धातूत आहे. आपला 'हौस' हा शब्द अरबी 'हवस' वरून आला. हिंदीत तो आजही वासना या अर्थाने वापरतात. एकाच गोष्टीची ही दोन नावे, एक प्रेमाच्या घरचे, दुसरे वासनेच्या. माझी पहाट यांतल्या कोणत्या घरची, हे पायांवरून ठरत नाही. आपल्यासाठी दुसऱ्याने काय सोडले आहे ते दिसते की नाही, यावरून ठरते.

आम्ही बसून नवे वेळापत्रक केले. आठवड्यातले तीन दिवस पहाट माझी, तीन दिवस तिची, रविवार पाळीपाळीने. तिच्या दिवशी आईचे सगळे मी करायचे. आईला खाटेवरून खुर्चीत कसे घ्यायचे ते इस्पितळातल्या बाईंनी शिकवले: गुडघे वाकवायचे, पाठ ताठ, भार अंगाशी, आणि उचलण्याआधी तिला सांगायचे. गंमत अशी की मांड्यांच्या व्यायामासाठी मी जी बैठक वर्षभर घोटली होती, ती हीच. म्हणून व्यायामाचे सार्थक झाले असे कोणी म्हणेल. मी तसे म्हणणार नाही. आईला उचलता यावे म्हणून मी धावायला लागलो नव्हतो, आणि मागाहून सापडलेल्या उपयोगाने आधीचा दुर्लक्षाचा दोष धुऊन निघत नाही.

राहिला दूरच्या ध्येयाचा प्रश्न. आमचे चित्रकलेचे शिक्षक एकदा म्हणाले, "सर, साठाव्या वर्षाची हमी तुम्हाला कोणी दिली?" हमी कोणीच दिलेली नाही. उदाहरणे मात्र धीर देणारी आहेत. मॅडोना ब्युडर नावाच्या अमेरिकन संन्यासिनी चाळिशी उलटल्यावर धावू लागल्या आणि २०१२ साली, वयाच्या ८२ व्या वर्षी, कॅनडात त्यांनी पूर्ण अंतराची आयर्नमन शर्यत पुरी केली. त्यांच्याविषयी वाचून मी मनात म्हटले, 'त्यांच्या घरी अंथरुणावर आई नव्हती.' लगेच वरमलो. कोणाच्या वाटेला काय येते आणि त्यातून तो कशी वाट काढतो हे बाहेरून दिसत नाही.

आता सायकलीवरून पत्रादेवीला जातो तेव्हा हुतात्मा स्मारकापाशी दोन मिनिटे थांबतो. १५ ऑगस्ट १९५५ रोजी निःशस्त्र सत्याग्रही तिथून सरहद्द ओलांडून आत आले आणि पोर्तुगीज पोलिसांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. दूर पंजाबातून आलेला कर्नैल सिंग हा तरुण तिथे पडला. गोवा मुक्त झाला १९ डिसेंबर १९६१ रोजी. त्यांनी ज्यासाठी पाऊल टाकले ते त्यांना दिसले नाही. तिथे उभे राहिल्यावर 'ध्येय' हा शब्द माझ्या वहीतल्या ओळीसाठी वापरायला जीभ रेटत नाही. त्यांचे ते ध्येय; माझा तो बेत. शब्द जागच्या जागी ठेवले की माणूसही जागेवर राहतो. ध्येयासाठी दुसऱ्याकडे त्याग मागता येतो, कदाचित. बेतासाठी फक्त विचारता येते, आणि 'नाही' हे उत्तर ऐकायची तयारी ठेवावी लागते.

मग नऊ वर्षांच्या बेताचा उपयोग काय? मला वाटते, दूरची तारीख माणसाला घाई करण्यापासून वाचवते. उद्याच शर्यत असती तर मी पत्नीची पहाट मागितली असती आणि तिने एक दिवस दिलीही असती. नऊ वर्षे कोणाची पहाट उसनी चालत नाही. इतक्या लांबच्या वाटेवर हिशेब चोख ठेवावाच लागतो. नाहीतर टाच तरी सुजते नाहीतर घर तरी. पतंजलींनी अभ्यासाला तीन अटी घातल्या आहेत: तो दीर्घकाळ हवा, खंडाशिवाय हवा आणि आदराने केलेला हवा. पहिल्या दोन अटी मी वहीत लिहून ठेवल्या होत्या. तिसरी मला शोभेची वाटली होती. आदर कोणाचा? अभ्यासाचा, असे टीकाकार सांगतील. मी त्यात आणखी एक भर घालतो: ज्यांच्यामुळे अभ्यासाला वेळ मिळतो त्यांचाही.

नव्या वेळापत्रकामुळे बेत दोन वर्षांनी तरी लांबला. साठाव्या वर्षी मिरामारला उतरणे होईल असे दिसत नाही. बासष्टाव्या वर्षी होईल, किंवा होणारही नाही. छोट्या अंतराची शर्यतही अजून व्हायची आहे. मला त्याचे वाईट वाटते. वाटत नाही असे म्हणणे खोटे होईल.

सौभाग्यवती आपल्या दिवशी पहाटे पायांत जुने बूट घालून चालायला जातात. अर्ध्या तासाचा आता पाऊण तास झाला आहे. कुठवर गेल्या होत्या ते मी विचारत नाही. त्या वेळी मी आईला उठवून, तोंड धुवून, खुर्चीत बसवतो. आणि माझ्या दिवशी परत येऊन सायकल भिंतीला टेकवतो, तेव्हा आतून आईचा आवाज येतो, "आयज खंयमेरेन पावलो?"

कधी हरमल, कधी पत्रादेवी, कधी नुसतेच कोरगाव. तिला नावे कळतात, अंतरे कळत नाहीत. पोदेर भेटला त्या दिवशीही तिने विचारले. मी म्हटले, "घरामेरेन."

ती म्हणाली, "बरें जालें. च्या निवता."